घरात एकही कणीस उरता कामा नये

आमच्या सासऱ्यांना थोडं म्हणून काही करता येत नाही. मेथीच्या दोन जुड्या आणायला पाठवावं, तर पिशवी फाटेपर्यंत भरून आणतात आणि वर मलाच विचारतात, "एवढ्यानं भागंल का गं?" जन्म गेला होटगीला शेती करण्यात. सासूबाई गेल्यावर रान थोरल्या दिरांच्या हवाली करून ते आमच्याकडं सोलापुरात राहायला आले, तेव्हा पहिले काही दिवस नुसते बसून असायचे. टीव्ही लावला तर टीव्हीकडं बघायचे, बंद केला तरी तिकडंच बघायचे. मग एक दिवस त्यांना घरामागची मोकळी जागा दिसली. "हितं तर औत फिरंल की!" म्हणाले. औत कसलं फिरतंय, बैलजोडी आत घातली असती तर तिला वळायला माघारी बाहेर यावं लागलं असतं. पण मामांनी त्या तुकड्याला त्याच दिवसापासून 'रान' म्हणायला सुरुवात केली, आणि पाऊस लागल्यावर एका सकाळी, एका दमात त्यात सगळा मका टोकला.

मीही मोहोळकडची, शेतकऱ्याचीच लेक. मला कळतं थोडंफार. मी म्हटलं, "मामा, थोडा आज लावा, थोडा पंधरा दिवसांनी लावा. म्हणजे कणसं पण थोडी थोडी येतील." मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना हप्त्यानं आंघोळ करायला सांगितलं होतं. "पेरणी काय तुकड्या-तुकड्यानं करत्यात व्हय? वापसा आला, भुई पेरणीजोगी झाली की पेरायचं आन मोकळं व्हायचं!"

झालं. सगळी कणसं एकाच आठवड्यात भरली. कोवळी होती तोवर मजा होती. नख टोचलं की दूध उडायचं. भाजून खाल्ली, उकडून खाल्ली, लिंबू-तिखट लावून खाल्ली. मग शेजारी वाटली. शेजारच्या तेलुगू काकूंनी पहिल्यांदा कौतुकानं घेतली, दुसऱ्यांदा हसून घेतली, तिसऱ्यांदा मी पिशवी घेऊन फाटकातून आत शिरताना त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आपोआप लागली. मी तरी काय करू? हाक मारत तशीच उभी राहिले. आतून कुकरची शिट्टी तेवढी झाली.

आणि मग कणसं निबर झाली. नख टोचावं तर नख मोडावं. पानं वाळून खडखडायला लागली, दाणे दगडासारखे झाले, आणि अजून अर्धा मका धाटांवरच होता.

नेमकं त्याच दिवसांत आमच्या ह्यांचं डोकं फिरलं. ह्यांनी यंदा हौसेनं गाडी घेतली. जागा नाही म्हणून ती रस्त्यावर, कडुलिंबाखाली उभी. लिंबावरचे पक्षी रोज सकाळी तिचं काय करायचे ते करून ठेवायचे, आणि एका दिवशी कुठल्याशा टेम्पोनं तिचं दार खरवडलं. माणसाला कातडं सोलल्यावर दुखणार नाही, एवढं ह्यांना ते दार दुखलं. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, दिवसभर मागांच्या खडखडाटात उभे असतात, घरी आल्यावर तरी डोक्याला शांती हवी की नको? तेवढं त्यांचं बरोबर होतं, मी नाही म्हणत नाही.

रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मागच्या जागेत फरशी घालायची. सिमेंटचे ब्लॉक. गाडी आत घ्यायची."

मामांचा घास हातातच राहिला. "आन रान?"

"अप्पा, ते रान नाही, ते पार्किंग आहे. आणि पिकवून करायचं काय? एवढा मका उभा आहे, कोण खातंय? मला तर मका बघवत नाही आता."

"खाऊ की आमी."

"कोण आमी?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोललेच नव्हते, पण माझी मान हलली. नको तिथं हलते ती, लहानपणापासूनची खोड आहे.

हे हसले. मला त्या हसण्याचाच राग आला. म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीच्या आत सगळा मका संपवून दाखवा. फेकायचा नाही, वाटायचा नाही, जनावरांना घालायचा नाही, विकायचा नाही. घरात एकही कणीस उरता कामा नये. मग फरशीचं नाव काढणार नाही. आणि उरलं तर ब्लॉक. मी मात्र एक दाणा तोंडात घालणार नाही, आधीच सांगतो."

मामा उठले, हात धुतला, आणि दाराशी थांबून म्हणाले, "फरशी पडली तर मी होटगीला जातो. तितं दोन खोल्या हायत माज्या. उगं फरशीवर बसून काय बघू?"

"जा मग!" हे पटकन बोलून गेले. बोलल्यावर त्यांचंच तोंड उतरलं. पण शब्द माघारी घ्यायचा म्हणजे नाक कापल्यासारखं, आणि बापही स्वतःहून 'राहतो' म्हणणार नव्हता. खाण तशी माती. दोघं दोन खोल्यांत जाऊन झोपले आणि मधे मी, खरकटी ताटं आणि रानभर मका.

होटगी काही लांब नाही, पण मामा एकदा गेले की येणारे नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगते, मला ते हवे होते. सकाळी मी चहा ठेवला की ते ओट्याशी येऊन उभे राहतात, गावातल्या सगळ्यांच्या चहाड्या करतात, मधेच कानडीत दोन शिव्या हासडतात आणि अर्थ विचारला तर "देवाचं नाव हाय ते" म्हणतात. असा माणूस घरातून जाऊ द्यायचा, तोही एका गाडीसाठी? माझा जीव जाईल पण मका संपेल, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी कणसं खुडली आणि वाळकी धाटं उपटून रान मोकळं केलं. गच्चीवर जुनी चादर अंथरून वाळत घातली. मामा काठी घेऊन खारींवर पहारा करायचे. एका खारीनं दाणा पळवला तर मी म्हटलं, "जाऊ द्या की मामा, तेवढाच कमी!" तर म्हणाले, "जनावराला घालायचा न्हाय असं ठरलंय. ठरलं मंजी ठरलं." वाळल्यावर कणसावर कणीस घासून दाणे पाडायला बसलो. माझे तळहात सोलले. मामांना काही झालं नाही, त्यांच्या हाताला आधीच कातडं राहिलेलं नव्हतं.

पहिले दोन-तीन दिवस आम्ही दोघांनी इमानदारीनं खाल्लं. रात्रभर भिजवून, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या काढून, शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला घालून उसळ केली. चांगली झाली, पण चावता चावता जबडा दुखायचा. मामांचे दात मोजकेच, ते एकेका दाण्याशी कुस्ती खेळायचे. ढिगाकडं बघितलं तर ढीग होता तेवढाच. तिसऱ्या दिवशी मामा घास चघळत म्हणाले, "पोरी, दोन तोंडं पुरणार न्हाइत."

"मग?"

"घरात तोंडं किती हायत?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते ताटाकडं बघत होते, अगदी गरिबासारखे. मी म्हटलं, "मामा, त्यांनी सांगितलंय, एक दाणा खाणार नाही."

"दाना कुटं दिऊया आपन? पीठ दिऊ की."

अगं बाई! हा माणूस इतकी वर्षं शेतीत फुकट गेला.

त्याच दुपारी मी डबा घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाला मका बघून कुरकुरला, दगड गरम होतो म्हणाला, पण ज्वारीच्या मागून टाकून दिला दळून. घरी आल्यावर मक्याचं पीठ ज्वारीच्या पिठात मिसळलं. पहिली भाकरी थापता थापता परातीतच फुटली. मक्याला चिकटपणा नसतो, हे मी विसरले होते. मग उकळतं पाणी घालून उकड काढली, तेव्हा कुठं भाकरी तव्यापर्यंत आख्खी पोचली. पण रंग पिवळसर.

ह्यांनी पहिला तुकडा मोडला आणि थांबले. "भाकरी पिवळी का दिसते?"

मी तव्याकडं तोंड फिरवलं. तर पलीकडून मामा शांतपणे म्हणाले, "नवी ज्वारी हाय. औंदा पाऊस लई झाला न्हवं? रंग चढतो."

"असं होय," म्हणाले हे, आणि दोन भाकरी खाल्ल्या. मी पदर तोंडात कोंबून मोरीकडं पळाले.

एकदा सुरुवात झाल्यावर मग आम्हाला धरबंदच राहिला नाही. धपाट्यांत मक्याचं पीठ घातलं. हळद, तिखट, तीळ, ओवा, लसूण एवढं सगळं असल्यावर मक्याला कोण ओळखतंय? ते धपाटे हे डब्यात घेऊन गेले आणि रिकामा डबा आणून म्हणाले, "उद्या जास्त दे, सगळे तुटून पडले." म्हणजे नकळत अख्खी एमआयडीसी आमच्या मदतीला धावली. वाटायचा नाही असं ठरलं होतं, पण वाटत मी नव्हते, वाटत तेच होते! मग मका जाडा भरडून आणला. त्याचा उपमा केला, 'जाडा रवा आहे' म्हणून सांगितलं. त्याच्या कण्या शिजवून ताक घातलं, वरून लसणाची फोडणी दिली. 'ज्वारीच्या कण्या' म्हणून खपल्या. माझी जीभ खोटं बोलायला एवढी तयार झाली की भाजीवाल्यालासुद्धा मी उगाच एक-दोन थापा मारल्या.

एका सोमवारी मात्र गंमत वेगळीच झाली. आमच्याकडं सणासुदीला खपली गव्हाची हुग्गी करतात, गूळ घालून केलेली दाट खीर. मी म्हटलं बघू या, आणि भरडलेल्या मक्याची हुग्गी केली. गूळ, सुकं खोबरं, वेलची, वर तूप. हे वाटी घेऊन बसले, खाल्लं, परत मागितलं. दुसरी वाटी अर्धी झाल्यावर खाली मान घालून म्हणाले, "आईच्या हातची अशीच व्हायची, नाही अप्पा?"

मामा म्हणाले, "व्हय. अशीच." आणि उठून बाहेर गेले. त्या दिवशी मला हसू आलं नाही. फसवतोय ते ठीक, पण एवढं फसवू नये असं वाटलं. मग ढिगाकडं नजर गेली आणि ते वाटणं मी गिळलं.

असं करत करत, बापरे, ढीग खरंच सरला! दिवाळीच्या आदल्या दिवशी ह्यांना सुट्टी होती. सकाळीच हे चहा घेऊन उठले आणि तपासणीला निघाले. डबे उघडले, गच्ची बघितली, कोठी बघितली. एक दाणा नाही. बघून बघून शेवटी ओट्याला टेकले. "एवढा मका तुम्ही दोघांनी खाल्लात? खरं सांगा, कुठं फेकलात?"

हातात आलेला डाव होता. मी नुसतं "खाल्ला की" म्हणून गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. 'फेकलात' म्हटल्यावर माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "दोघांनी कशाला? तिघांनी खाल्ला! पिवळी भाकरी कसली होती? धपाटे कसले होते? जाडा रवा कसला होता? दोन-दोन वाट्या हुग्गी चाटूनपुसून खाल्लीत ती कसली होती?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! ह्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मामांनी कपाळाला हात लावला. ह्यांनी पोटावर हात ठेवला, जसं काही मका अजून आत मोजायचा होता, आणि पुन्हा तपासणीला लागले. या वेळी मात्र पोलिसांसारखी. गाद्या उचलल्या, बाथरूमच्या माळ्यावरचं सामान काढलं, आणि शेवटी मामांच्या खोलीत शिरून खुंटीवरचं धोतर बाजूला केलं.

धोतरामागं कणसं होती. चांगली निवडक, लांब, ओळीनं भरलेली. पानं सोलून त्यांची वेणी घालून टांगलेली.

"हे काय?" हे म्हणाले.

"बी हाय ते," मामा हळूच म्हणाले. "बी मंजी कणीस न्हवं."

"कणीसच आहे. घरात आहे. एकही उरता कामा नये असं ठरलं होतं." आणि ह्यांनी तिथंच उभं राहून फरशीवाल्याला फोन लावला. दिवाळीच्या आत निदान ब्लॉक उतरवून घेऊ, माप घेऊन ठेवा, मी येतोच टेम्पोला रस्ता दाखवायला, असं म्हणून बाहेर पडले.

मला इतका राग आला मामांचा! "मामा, माझे हात सोलले! मी खोटं बोलून बोलून नरकात जायची तयारी केली, आणि तुम्ही धोतरात कणसं लपवता? मला सांगायचं तरी!" मग म्हटलं, जाऊ दे, रडायला वेळ नाही. "दिवाळी उद्या आहे. अजून मुदत आहे. द्या ती इकडं. आत्ता पाडते, मिक्सरला लावते, तासाभरात उपमा करते. आपण दोघं गिळू. ते यायच्या आत कणीस नाही."

मामांनी कणसं छातीशी धरली. "बी न्हाय खायाचं."

"अहो, मग जागा जाईल!"

"जाऊ दे. बी खाऊन जागा राखली तर त्या जागंत लावू काय? माजं तोंड लावू?" त्यांनी कणसं आणखी जवळ ओढली. "लई वंगाळ सालं बघितली पोरी, पर बियाला कवा हात लावला न्हाय. माज्या बानं बी लावला न्हाय."

मी पुढं केलेला हात मागं घेतला. ते कॉटवर बसले, कणसं मांडीवर घेऊन. कॉटखाली त्यांची बॅग होती, तिच्याकडं त्यांची नजर गेली. मला वाटलं आता उठतील आणि कपडे भरायला घेतील. उठले खरे. पण बॅगेकडं गेले नाहीत, माझ्याकडं वळले.

"ह्यो काय म्हनला हुता? घरात कणीस नगं, असंच न्हवं?"

"हो."

"खायाचंच असं म्हनला हुता का?"

मी आठवलं. फेकायचा नाही, वाटायचा नाही, जनावराला घालायचा नाही, विकायचा नाही. "नाही," मी म्हटलं. "नाही म्हणाले ते!"

"मग खुरपं घे की, बघती काय!"

मी साडी खोचली. मामांनी भराभर दाणे पाडले. कुदळीनं चर ओढले, आणि मी मागून वाकून टोकण करत गेले. माहेर सोडल्यावर पहिल्यांदाच. दोन दाणे, माती, दोन दाणे, माती. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून बघितलं, आणि मका दिसल्यावर घाबरून परत लावली. शेवटची ओळ झाली तसा मामांनी पाइप सोडला आणि रान असं भिजवलं, असं भिजवलं, की मांजर गेलं असतं तर रुतून बसलं असतं.

फाटकाशी टेम्पो थांबला तेव्हा आम्ही दोघं पायरीवर बसून चहा पीत होतो.

फरशीवाला मोजपट्टी काढत मागं आला, आणि एक पाऊल टाकायच्या बेतात थबकला. ओल्या मातीवरच्या ओळी बघितल्या आणि पायातली चप्पल काढली. "सायब, हे तर पेरलंय की."

"पेरलं असलं तरी उकरा," हे म्हणाले.

"मी?" तो मागं सरला. "पेरल्यालं रान उकरू? सणाच्या तोंडावर? न्हाय बा. म्हातारी मला घरात घ्यायची न्हाय. तुमी दुसरा बघा." आणि जाता जाता मामांना म्हणाला, "लई ओल झाली आजोबा, दोन दिस पानी देऊ नका." टेम्पो आला तसा गेला.

हे आमच्याकडं वळले. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "घरात बघ, गच्चीवर बघ, धोतर झटकून बघ. एक कणीस घावलं तर बोल."

हे घरातही बघायला गेले नाहीत. दुपारभर आमच्याशी अबोला होता. जेवायला वाढलं तर प्रत्येक पदार्थाकडं मान वाकडी करून बघायचे. मी म्हटलं, "भात आहे. नुसता भात."

संध्याकाळी मी मागच्या दारात चिवड्याचे पोहे निवडत होते. मामा सांगितलेलं ऐकतील ते मामा कसले, कडेकडेनं पाइप धरून उभे होते. हे खुर्ची घेऊन बाहेर आले. ओल्या ओळींकडं बघत बसले. मग विचारलं, "याला कणीस कधी येईल?"

"यील की. संक्रांत हून जाईल," मामा म्हणाले.

"मग तोवर होटगीला जायचं नाही ना?"

मामा त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "जाऊन कसं चालंल? पानी कोन घालनार, तू?"

ह्यांनी मान हलवली. उठले, खुर्ची उचलली, पायरीवर ठेवली आणि पाठमोरे उभे राहिले. मला दारातून त्यांचा चेहरा दिसत होता. तसा चेहरा मी सासूबाई गेल्या तेव्हा बघितला होता.

"हा मका निघायच्या आत दुसरं काहीतरी पेरून ठेवा, अप्पा," ते म्हणाले. "मधे जागा मोकळी ठेवू नका."

मामा "बरं" म्हणाले, आणि कितीतरी वेळ एकाच जागी पाणी सोडत राहिले.